एमएफआय सारखा, तरी दाणा वेगळा का चालतो? ठिबक पाईप आणि मल्चिंग फिल्मचं युनिट टाकणाऱ्यांसाठी

वरूड-मोर्शीच्या संत्र्याला ठिबक, कपाशी-हरभऱ्याला तुषार, मिरची-टरबुजाला मल्चिंग. विदर्भातल्या शेतात वर्षभर जे प्लास्टिक पडून असतं त्यातलं बहुतेक पॉलिइथिलीन आहे. म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी एक एक्सट्रूडर (दाणा वितळवून स्क्रूने डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या तोंडातून, रेटणारं मशीन) टाकून लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, किंवा फिल्म काढायचा विचार पुष्कळ तरुण करतात. मशीन येते, दाणा (प्लास्टिकचा कच्चा माल) येतो आणि पहिली अडचण तिथेच उभी राहते. दोन बॅगांवर एमएफआय 1 लिहिलेला असतो, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आणि वजनाखाली वितळलेला माल 10 मिनिटांत 1 ग्रॅम वाहतो. एक दाणा लोण्यासारखा चालतो, दुसऱ्यावर मोटरचे अँपिअर चढतात आणि फिल्म खरखरीत निघते.

दोष मशीनचा नसतो आणि बहुतेक वेळा व्यापाऱ्याचाही नसतो. एमएफआय हा एकच आकडा आहे, आणि वितळलेलं प्लास्टिक कसं वाहेल हे त्याच्या रेणूंच्या तीन गोष्टी ठरवतात: साखळी किती लांब, सगळ्या साखळ्या एकाच लांबीच्या की लहान-मोठ्या, आणि साखळीला फांद्या कशा. या तीन गोष्टी ओळखता आल्या की दाणा निवडणं, तापमान लावणं आणि बिघाड शोधणं बरंच सोपं होतं.

पायरी 1: साखळीची लांबी

पॉलिइथिलीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांब साखळी. इंजेक्शन मोल्डिंगच्या एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनचा) सरासरी रेणुभार, म्हणजे साखळीच्या लांबीचं माप, लाखाच्या आसपास किंवा त्याखाली असतो, पाईपग्रेडचा दोन ते तीन लाख. साखळ्या एका ठराविक लांबीच्या पुढे गेल्या की एकमेकींत गुंततात. तिथून पुढे श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, रेणुभाराच्या साधारण 3.4 व्या घाताने वाढते. साखळी 20 टक्के लांब झाली तर संथ प्रवाहातली श्यानता जवळपास दुप्पट होते. लांबी दुप्पट झाली तर ती दहापटीहून जास्त वाढते. दाण्यात डोळ्याला न दिसणारा फरक मशीनवर एवढा मोठा होतो तो यामुळे.

एमएफआय याच्या उलट चालतो: साखळी लांब तर आकडा लहान. ढोबळ मानाने असं समजा. एचडीपीई ब्लो मोल्डिंगला 0.2 ते 0.4, एलएलडीपीई (सरळ साखळीचं कमी घनतेचं पॉलिइथिलीन) फिल्मला 1 च्या जवळ, एलडीपीई (कमी घनतेचं) फिल्मला 2 ते 4, पाण्याच्या टाक्यांच्या रोटोमोल्डिंगला 3 ते 5, क्रेट-बादलीच्या इंजेक्शनला 8 ते 20. पॉलिप्रॉपिलीनच्या पोत्यांच्या रॅफियाला (विणायच्या पट्टीला) 3 च्या आसपास, पण तो आकडा 230 अंशांवर काढलेला असतो आणि पॉलिइथिलीनचा 190 वर. दोन्हींची तुलना करू नका. पाईपग्रेड एचडीपीईचा आकडा बहुधा 5 किलो वजनावर दिलेला असतो, आणि 5 किलोवरचा 0.3 हा 2.16 किलोवरच्या 0.3 पेक्षा कितीतरी घट्ट माल असतो. ग्रेडच्या कागदावर आकड्याशेजारी तापमान आणि वजन लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर खरेदी करू नये.

मऊ वाहणारा दाणा घेतला की उत्पादन वाढतं, वीज कमी लागते, त्यामुळे मोह होतो. पण पाईपच्या बाबतीत हे फार महाग पडतं. पॉलिइथिलीन थंड होताना त्यात स्फटिकांचे थर तयार होतात आणि लांब साखळ्या एका थरातून दुसऱ्या थरात जाऊन त्यांना बांधून ठेवतात. आखूड साखळ्यांना हे जमत नाही. अशा मालाचा तुषार पाईप पहिल्या हंगामात छान दिसतो. पुढे मात्र ताण असलेल्या जागी, म्हणजे कपलरच्या जोडाला किंवा वळणावर, बारीक तडे जातात. साबणासारखी द्रव्यं असलेल्या फवाऱ्याचं पाणी पाईपला लागत असेल तर हे आणखी लवकर होतं. शेतकऱ्याचं पीक त्या पाण्यावर उभं असतं, म्हणून पाईपसाठी पाईपग्रेडच वापरायचा. लॅटरलसाठी आयएस 12786, तुषारच्या पाईपसाठी आयएस 14151 आणि पाणीपुरवठ्याच्या एचडीपीई पाईपसाठी आयएस 4984 ही मानकं आहेत. युनिट टाकण्याआधीच ती मिळवून वाचा.

पायरी 2: एमएफआय स्वतः काढा

छोटं एमएफआय मशीन हे युनिटमधलं सगळ्यात उपयोगी उपकरण आहे. सुरुवातीला घेणं जमत नसेल तर चंद्रपूरच्या सिपेट (केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञान संस्था) केंद्रासारख्या ठिकाणी नमुना तपासून घेता येतो. पण रिप्रोसेस दाणा (वापरलेलं प्लास्टिक परत वितळवून केलेला) वापरणार असाल तर प्रत्येक लॉट तपासावा लागतो, आणि मग स्वतःचं मशीन लागतंच.

बॅरल 190 अंशांवर आणून डाय आणि पिस्टन आत ठेवून किमान 15 मिनिटं स्थिर होऊ द्या. डायचं भोक 2.095 मिलिमीटर आणि लांबी 8 मिलिमीटर असते. एमएफआय 1 च्या खाली अपेक्षित असेल तर 2.5 ते 3 ग्रॅम दाणा घ्या, 1 ते 3.5 मध्ये असेल तर 3 ते 5 ग्रॅम. दाणा थोडा थोडा टाकून सळईने दाबत भरा, एका मिनिटाच्या आत. हवा अडकली तर धाग्यात बुडबुडे येतात आणि तो तुकडा बाद करावा लागतो. 7 मिनिटं तापू द्या, मग 2.16 किलोचं वजन ठेवा. पिस्टनची खूण बॅरलच्या तोंडाशी आली की धागा कापून घड्याळ सुरू करा. एमएफआय 1 च्या खाली असेल तर 6 मिनिटांनी कापा, 1 ते 3.5 ला 3 मिनिटांनी, 3.5 ते 10 ला 1 मिनिटाने. तुकडा थंड झाल्यावर मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजा.

ग्रॅममधलं वजन गुणिले 600, भागिले सेकंद. 3 मिनिटांत 0.300 ग्रॅम आला तर 0.300 × 600 ÷ 180, म्हणजे 1.0.

चाचणी झाल्या झाल्या, गरम असतानाच, बॅरल सुती चिंधीने आणि डायचं भोक पितळी सळईने साफ करा. लोखंडी तारेने खरडलं की भोक मोठं होतं. व्यासात 0.02 मिलिमीटरचा फरक पडला तरी आकडा जवळपास 4 टक्के वाढतो, आणि हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही.

आता तो कापलेला धागा हातात घेऊन बघा. भोक 2.095 मिलिमीटरचं, पण धागा त्याहून जाड असतो. व्हर्नियर लावला तर 2.6, 2.8, कधी 3 भरतो. डायमध्ये ताणलेल्या साखळ्या बाहेर पडताच पुन्हा गोळा होतात, म्हणून धागा फुगतो. ज्या दाण्यात थोड्या का होईना पण फार लांब साखळ्या किंवा लांब फांद्या आहेत तो जास्त फुगतो. सारख्या एमएफआयच्या दोन दाण्यांचे धागे शेजारी ठेवून जाडी मोजा. ते दाणे आतून वेगळे असतील तर अनेकदा इथेच कळतं. टोकाचा पहिला सेंटिमीटर मोजा, कारण पुढे धागा स्वतःच्या वजनाने ताणला जाऊन बारीक होतो.

पायरी 3: दुसरा आकडा काढा

इथेच बहुतेक नवे लोक थांबतात, आणि खरी माहिती याच्या पुढे आहे.

एमएफआयच्या चाचणीत प्लास्टिक फार संथ वाहतं. एमएफआय 1 च्या दाण्यात थर एकमेकांवरून सरकण्याचा वेग, म्हणजे शिअर रेट, सेकंदाला साधारण 2 ते 3 एवढाच असतो. एक्सट्रूडरच्या डायमध्ये तो शंभराच्या घरात जातो, इंजेक्शन मोल्डिंगच्या गेटमध्ये हजारांत. वितळलेलं प्लास्टिक पाण्यासारखं नसतं. रेटा वाढला की गुंतलेल्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि श्यानता झपाट्याने उतरते. किती उतरेल हे साखळ्यांच्या लांबीत किती फरक आहे आणि त्यांना लांब फांद्या आहेत का यावर ठरतं.

म्हणून त्याच दाण्याची चाचणी 190 अंशांवरच 21.6 किलो वजनाने पुन्हा करा आणि त्या आकड्याला 2.16 च्या आकड्याने भागा. भागाकार लहान आला, समजा 25 ते 30, तर साखळ्या बऱ्यापैकी एकसारख्या आहेत. साधा एलएलडीपीई असा येतो, मेटॅलोसीन उत्प्रेरकाने बनवलेला तर याहूनही कमी. एलडीपीई 50 च्या वर जातो. लांबीचा पसारा मोठा असलेला एचडीपीई 80-100 च्याही पुढे. भागाकार मोठा म्हणजे मशीनवर, रेट्याखाली, दाणा सोपा चालेल.

सुरुवातीच्या त्या दोन बॅगांचं कोडं इथे सुटतं. एलडीपीई आणि एलएलडीपीई दोघांचा एमएफआय 1, पण डायच्या रेट्यात एलडीपीई पातळ होतो आणि एलएलडीपीई घट्टच राहतो.

पायरी 4: फांद्या

एलडीपीई 1933 मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत सापडला. तो हजारो पट वायुदाबाखाली तयार होतो आणि त्या प्रक्रियेत साखळीलाच लांब फांद्या फुटतात. एचडीपीईची कमी दाबाची पद्धत कार्ल झीग्लर यांनी 1953 मध्ये शोधली. तिच्यात साखळी जवळजवळ सरळ राहते. एलएलडीपीईमध्ये ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन मिसळून मुद्दाम आखूड फांद्या लावलेल्या असतात.

आखूड फांद्या स्फटिक नीट बनू देत नाहीत, त्यामुळे घनता आणि कडकपणा कमी होतो. प्रवाहावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. लांब फांद्यांचं तसं नाही. धुऱ्यावरच्या बाभळीच्या ढिगातून एक फांदी ओढली की सगळा ढीग सोबत येतो, तसं एलडीपीई ताणताना होतं: जितकं ताणाल तितका तो ताणाला जास्त विरोध करतो. याला मेल्ट स्ट्रेंग्थ म्हणतात. ब्लोन फिल्मचा बबल, म्हणजे हवेने फुगवलेली वितळलेल्या प्लास्टिकची नळी, उभा राहतो तो याच ताकदीवर.

एलएलडीपीई उलट. ताणला की मुकाट्याने लांबतो, म्हणून 15 मायक्रॉनपर्यंत पातळ फिल्म निघते आणि ती फाटायला चिवटही असते, पण बबल डुलतो. मल्चिंगला चिवटपणा हवाच, त्यामुळे एलएलडीपीई मुख्य ठेवून त्यात 10 ते 30 टक्के एलडीपीई मिसळणं ही चांगली सुरुवात आहे. 10 ने सुरू करा आणि बबल स्थिर होईपर्यंतच वाढवा. एलडीपीई जास्त झाला की फिल्म एका दिशेने सहज फाटते, आणि रोपासाठी पाडलेल्या भोकापासून चीर पुढे पळते.

पायरी 5: तापमान आणि डाय

तापमान वाढवलं की सगळेच दाणे सारखे पातळ होतात असा समज असतो. तसं नाही. संथ प्रवाहात 190 वरून 200 अंशांवर गेलं तर एचडीपीईची श्यानता 13 ते 15 टक्के उतरते, एलडीपीईची 20 ते 25. म्हणजे एचडीपीई घट्ट चालतोय म्हणून तापमान चढवत बसण्यात फायदा कमी आणि जळण्याचा धोका जास्त. तिथे ग्रेड बदलणं किंवा डाय मोठी करणं हाच उपाय.

सुरुवातीला एलडीपीई फिल्मला 150 ते 180, एलएलडीपीई फिल्मला 180 ते 220 आणि एचडीपीई पाईपला 180 ते 210 अंश ठेवा. हॉपरकडचा (दाणा भरायच्या नरसाळ्याकडचा) झोन सगळ्यात कमी, डायकडे चढत जाणारा. हॉपरच्या गळ्याला थंड पाणी फिरतंय ना हे रोज पाहा, नाहीतर दाणा तिथेच चिकटतो आणि फीड बंद पडतो.

एलडीपीईची जुनी डाय घेऊन त्यावर एलएलडीपीई चालवणं ही छोट्या युनिटमधली नेहमीची चूक. एलडीपीईला 0.8 ते 1 मिलिमीटर फट चालते. एलएलडीपीई त्याच फटीतून काढला की डायच्या ओठाशी त्याचा पृष्ठभाग फाटतो आणि फिल्म किंवा लॅटरल माशाच्या खवल्यासारखी खरखरीत निघते. डायच्या भिंतीवरचा ताण 0.1 मेगापास्कलच्या थोडा वर गेला की हे सुरू होतं. आधी डायच्या ओठाचं तापमान 10 अंश वाढवून पाहा, मग वेग कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर फ्लोरोपॉलिमरचा प्रोसेसिंग एड मास्टरबॅच (मूळ दाण्यात थोडा मिसळायचा तयार दाणा) घ्या. तो आतून धातूवर पातळ थर धरतो, त्यामुळे परिणाम दिसायला अर्धा-एक तास लागू शकतो. लगेच फरक नाही म्हणून मात्रा वाढवू नका. कायमचा उपाय म्हणजे 1.5 ते 2.5 मिलिमीटर फटीची डाय.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वरही जातो. त्या हवेवर एअर रिंग (बबलवर हवा मारून तो थंड करणारं कडं) चालवली की फिल्म उशिरा गोठते, फ्रॉस्ट लाइन (फिल्म गोठते ती रेषा) वर सरकते, आणि मेल्ट स्ट्रेंग्थ कमी असलेला एलएलडीपीईचा बबल डुलायला लागतो. दोष दाण्यात नसतो. उन्हाळ्यात फिल्म रात्रपाळीत काढा किंवा एअर रिंगला थंड हवा द्या. पाईपला आकार देऊन थंड करणाऱ्या व्हॅक्युम टाकीचंही तेच: टाकीचं पाणी गरम झालं की पाईप गोल राहत नाही. उघड्या हौदाचं पाणी परत परत फिरवत असाल तर हौदावर सावली पाहिजे.

पायरी 6: मिश्रण आणि रिप्रोसेस दाणा

दोन दाणे मिसळले की एमएफआयची साधी सरासरी निघत नाही. एमएफआय 1 चा 70 टक्के आणि 10 चा 30 टक्के घेतला तर सरासरीने 3.7 येतो, प्रत्यक्षात मिश्रण 2 च्या जवळ बसतं. लॉगरिदम घ्या, टक्केवारीने गुणा, बेरीज करा आणि परत उलटा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. एकाच जातीचे दाणे असतील तरच हा हिशेब लागू पडतो.

मिसळताना घट्ट आणि पातळ यांच्यात फार अंतर ठेवू नका. पातळ मालात पडलेला घट्ट मालाचा थेंब स्क्रूमध्ये फुटत नाही, तसाच बाहेर येतो आणि फिल्ममध्ये डोळ्यासारखा गोल ठिपका दिसतो. काळ्या मास्टरबॅचचं हेच लक्षात ठेवा. लॅटरलमध्ये कार्बन ब्लॅक 2 ते 3 टक्के लागतो, नाहीतर ऊन साखळ्या तोडतं. पण मास्टरबॅचचा बेस तुमच्या दाण्याशी जुळला नाही तर पाईपच्या भिंतीत फिकट रेषा राहतात आणि तडा तिथूनच जातो. पाईपचा पातळ काप काढून उजेडासमोर धरा, रेषा दिसतील. पावसाळ्यात कार्बन ब्लॅक ओल धरतो. पाईपच्या आत बुडबुडे आले तर आधी मास्टरबॅच वाळवा.

शेतातून परत आलेला माल सगळ्यात फसवा. दोन-तीन हंगाम उन्हात राहिलेल्या मल्चिंग फिल्ममध्ये काही साखळ्या तुटलेल्या असतात, काही एकमेकींना जोडल्या गेलेल्या. जोडलेल्या साखळ्या वितळत नाहीत, त्यांच्या बारीक गाठी, म्हणजे जेल, होतात. अशा मालाचा एमएफआय सरासरीत बरोबरही दिसू शकतो, कारण तुटणं आणि जोडणं एकमेकांना झाकतं. पॉलिप्रॉपिलीन परत वितळवलं की साखळ्या तुटतात आणि एमएफआय वाढतो. एलडीपीई-एलएलडीपीईमध्ये बहुधा उलट होतं, आकडा उतरतो. म्हणून दाणा कसलाही असो, वितळवण्याआधीचा आणि नंतरचा एमएफआय वहीत शेजारी लिहा. फरक 20 टक्क्यांहून जास्त दिसला तर तापमान जास्त आहे किंवा अँटिऑक्सिडंट संपलाय असं धरून चाला.

काळी माती फिल्मला घट्ट धरते. दोन पाण्यांनी धुतल्याशिवाय ग्राइंडरला लावू नका, मातीतली बारीक वाळू स्क्रू खाते. धुताना टाकीत जे बुडतं ते बाजूला काढा: पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी बुडतात, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीईटीचा तुकडा 200 अंशांवर वितळत नाही, जाळी तुंबवतो किंवा फिल्मला भोक पाडतो. पीव्हीसी जळून आम्लाचा वायू सोडतं आणि बॅरल गंजवतं. या मालाचा पाईप करू नये. विटांच्या भट्टीवर झाकायचा कागद, रोपांच्या पिशव्या अशा कामांना तो चालतो.

पायरी 7: लाइट गेली तर

गावात हे होणारच. लाइट जाताच हॉपरची झडप बंद करा. बॅरलमधला पॉलिइथिलीन तसाच राहू द्या, भरलेल्या बॅरलमध्ये हवा शिरत नाही आणि माल कमी जळतो. पीव्हीसी चालवत असाल तर उलट: शक्य होईल तितक्या लवकर, जनरेटरवर का होईना, बॅरल रिकामं करायचं, नाहीतर आत कोळसा होतो.

लाइट आली की स्क्रू लगेच फिरवू नका. सगळे झोन ठरलेल्या तापमानावर आल्यानंतरही अर्धा ते पाऊण तास थांबा. काटा 190 दाखवतो तेव्हा फक्त धातू तापलेला असतो, मधला माल घट्टच असतो, आणि पाईपग्रेडच्या घट्ट मालावर गिअरबॉक्स तुटतो. सुरुवात 5 ते 10 आरपीएमवर करा आणि नजर अँपिअरवर ठेवा. नेहमीच्या चालू भारापेक्षा जास्त चढले तर थांबा. डायसमोर उभं राहू नका, अडकलेला वायू गरम माल बाहेर फेकतो. सुरुवातीला येणारा पिवळसर, ठिपक्यांचा माल पूर्ण जाईपर्यंत तो वेगळ्या पोत्यात टाका, आणि त्या पोत्यावर तारीख व ग्रेड लिहून ठेवा. तो चांगल्या रिग्राइंडमध्ये (परत वापरायला दळलेल्या मालात) मिसळला की पुढच्या लॉटमध्ये जेल निघतात आणि कारण सापडत नाही.

मशीनवर रोज तेच आरपीएम, तेच झोन ठेवून अँपिअर, डायचा दाब आणि 10 मिनिटांत निघालेल्या मालाचं वजन वहीत लिहा. नवा लॉट लावल्यावर दाब चढला आणि वजन तेवढंच राहिलं तर दाणा घट्ट आलाय. दाब आणि वजन दोन्ही पडले तर आधी हॉपरमधला फीड अडला आहे का ते पाहा, दाण्याचा संशय त्यानंतर घ्या.